प्रतिवादी कोण?

परमुलखातून आलेल्या माणसाच्या हक्कांचा खटला कोर्टात उभा राहिला की निकालाची एक ओळ सगळे वाचतात: याचिका मंजूर, याचिका फेटाळली. निकालपत्राच्या पहिल्या पानावर दोन्ही बाजूंची नावे असतात, ती फारशी कोणी वाचत नाही. दाद कोणी मागितली, नोटीस कोणाला गेली, शपथपत्र कोणाला करावे लागले, हे त्या पानावरून कळते. जालना जिल्ह्याशी जोडलेल्या एका घटनेच्या निमित्ताने गेल्या काही वर्षांतली अशी पाने उलटली तर एक गोष्ट डोळ्यात भरते. स्थलांतरित मजुराच्या नावाने चाललेल्या खटल्यांत केंद्र सरकार प्रतिवादी असते, राज्ये असतात, कधी महापालिका असते. ज्याच्या भट्टीवर, ज्याच्या बांधकामावर, ज्याच्या फडात तो राबला, तो मालक मात्र तिथे जवळजवळ कधीच दिसत नाही. मजुराला हक्क म्हणून जे मिळायला हवे होते ते कोर्टातून मदत म्हणून मिळाले, आणि तेही उशिरा. त्याचे एक मोठे कारण मालकाच्या या गैरहजेरीत आहे, असे माझे म्हणणे आहे.

घटना सर्वांना माहीत आहे, पण अर्धीच. 8 मे 2020 रोजी पहाटे सव्वापाचच्या सुमारास करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. वीस जण आदल्या संध्याकाळी जालन्याहून पायी निघाले होते. त्यांतले सोळा जागीच किंवा थोड्या वेळात गेले. हे बहुतेक सगळे मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोल पट्ट्यातले होते आणि जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात कामाला होते. रस्त्याने गेलो तर पोलीस अडवतील म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत या समजुतीने दमलेले अंग रुळांवरच टाकले. सोबत बांधून घेतलेल्या पोळ्या रुळांत विखुरल्याचे छायाचित्र देशभर छापून आले. त्या छायाचित्राने लोक हळहळले हे खरे, पण त्याच छायाचित्राने घटना रेल्वेच्या खात्यात जमा केली. चौकशी रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडून झाली, चर्चा लोको पायलटला माणसे कधी दिसली याची झाली, आणि दोन्ही राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. बातमीच्या पहिल्या वाक्यात असलेले जालना शेवटच्या परिच्छेदापर्यंत नाहीसे झाले. ही माणसे चालत का निघाली, हा प्रश्न टाळेबंदीला विचारला गेला. ती जिथून निघाली तिथे त्यांचे कोणाकडे काय देणे-घेणे राहिले होते, हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही.

जालना हे बियाण्यांचे आणि सळईचे गाव. भंगार आणायचे, ते विजेच्या भट्टीत वितळवायचे, आणि रोलिंग मिलमधून सळई काढायची, या धंद्यावर इथली औद्योगिक वसाहत उभी आहे. मराठवाड्यात पाण्याची आणि पिकाची हमी नसताना शहरात पैसा फिरत राहिला तो बऱ्याच अंशी या भट्ट्यांमुळे. भट्टीजवळचे काम जोखमीचे. ऑगस्ट 2024 मध्ये इथल्याच एका कारखान्यात भट्टीत स्फोट होऊन वीसच्या आसपास कामगार भाजले. हे काम करायला उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून माणसे येतात, बहुधा गावातल्याच कोणाच्या तरी ओळखीने, कोणा ठेकेदाराच्या हाताखाली. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी आहे. ती रचणाऱ्याने पाळणा हलवणाऱ्याची चौकशी केलेली दिसत नाही.

या माणसांसाठी कायदा नव्हता असे नाही. 1979 साली संसदेने आंतरराज्य स्थलांतरित कामगार अधिनियम केला आणि तो 2 ऑक्टोबर 1980 पासून लागू झाला. पाच किंवा अधिक परराज्यातले मजूर ठेकेदारामार्फत कामावर घेणाऱ्या आस्थापनेला नोंदणी बंधनकारक झाली, ठेकेदाराला परवाना बंधनकारक झाला. कायद्याची कलमे आज वाचली तर लिहिणाऱ्यांना मजुराचा प्रवास किती बारकाईने दिसत होता याचे नवल वाटते. ठेकेदाराने भरती केल्यापासून पंधरा दिवसांत मजुराचा तपशील दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना द्यायचा. मजुराला छायाचित्र लावलेले पासबुक द्यायचे आणि त्यात कामाचे ठिकाण, मुदत, मजुरीचा दर, कपाती आणि परतीचे भाडे लिहायचे. घर सोडावे लागले म्हणून विस्थापन भत्ता द्यायचा, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा पंचाहत्तर रुपये, यांपैकी जास्त असेल तो. कलम 15 नुसार येण्याचे आणि जाण्याचे दोन्ही भाडे ठेकेदाराने द्यायचे, आणि प्रवासाच्या काळाची मजुरीही द्यायची, जणू काही मजूर त्या वेळी कामावरच आहे. ठेकेदाराने हे दिले नाही तर कलम 18 प्रमाणे ते मुख्य मालकाकडून वसूल होते. मजूर आपल्या गावी परतल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याला तिथूनही औद्योगिक तंटा उभा करता येत होता. मजुराच्या मूळ राज्याला, यजमान राज्याच्या संमतीने, आपले निरीक्षक परराज्यातल्या कारखान्यात पाठवता येत होते. म्हणजे भोपाळच्या सरकारला वाटले असते तर उमरियाच्या माणसांची हजेरी जालन्यात येऊन तपासता आली असती.

ही कलमे 7 मेच्या संध्याकाळपुढे ठेवून वाचली तर चित्र बदलते. त्या वीस जणांना कोणी, कसे कामावर घेतले होते, ठेकेदार मध्ये होता की कारखान्याने थेट घेतले होते, हे पुराव्याने ठरायचे प्रश्न आहेत, आणि असे प्रश्न ठरवायलाच कोर्ट असते. ठेकेदार असल्याचे सिद्ध झाले असते तर त्यांचे परतीचे भाडे हे कोणाचे तरी देणे ठरले असते, ज्यासाठी सरकारच्या दयेची वाट पाहायची गरज नव्हती. त्याहून पुढची गोष्ट अशी. याच कायद्याच्या कलम 21 ने 1923 च्या कामगार भरपाई कायद्यासारख्या कायद्यांसाठी अशा मजुराला भरतीच्या दिवसापासून त्या आस्थापनेच्या कामावर असल्याचे मानले आहे. परतीचा प्रवास कामावर असल्यासारखा, आणि भरपाईच्या कायद्यासाठी मजूर आस्थापनेचा माणूस, ही दोन कलमे एकमेकांशेजारी ठेवली तर परतीच्या वाटेवर झालेला मृत्यू हा मालकाच्या जबाबदारीत येतो, असा युक्तिवाद करता येतो. तो टिकला असता असे मी म्हणत नाही. ‘भाडे देणे’ आणि ‘पायी निघणे’ यांत अंतर आहे, आणि मालकाच्या वकिलाने तेच पहिले दाखवले असते. पण असा युक्तिवाद ऐकून त्यावर निर्णय देणारे कोर्ट सापडले असते, तर निर्णय विरुद्ध गेला तरी कायदा पुढे सरकला असता.

त्याऐवजी काय झाले ते तारखांनी पाहू. 31 मार्च 2020 रोजी सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की सकाळी अकराच्या स्थितीनुसार आता एकही मजूर रस्त्यावर नाही. न्यायालयाने ते मानून घेतले. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हर्ष मंदर आणि अंजली भारद्वाज यांनी मजुरांना मजुरी मिळावी म्हणून केलेल्या याचिकेच्या सुनावणीत सरन्यायाधीश शरद बोबडे यांनी विचारले की जेवण मिळते आहे तर जेवणासाठी पैसे कशाला हवेत. करमाडच्या अपघातानंतर ॲड. अलख आलोक श्रीवास्तव यांनी चालणाऱ्या मजुरांना ओळखून निवारा देण्याची मागणी केली. ती 15 मे रोजी फेटाळली गेली. लोक चालत असतील तर त्यांना कसे थांबवायचे, रुळांवर झोपले तर कोण काय करणार, असा पीठाचा सूर होता. शेवटी ज्येष्ठ वकिलांच्या एका गटाने न्यायालयाला खरमरीत पत्र लिहिले. 26 मे रोजी न्यायमूर्ती अशोक भूषण, संजय किशन कौल आणि एम. आर. शाह यांच्या पीठाने प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. 28 मे रोजी मजुरांकडून रेल्वे किंवा बसचे भाडे घेऊ नये असा आदेश निघाला, आणि 9 जूनला पंधरा दिवसांत सर्वांना घरी पोहोचवा, टाळेबंदी मोडल्याचे त्यांच्यावरचे गुन्हे मागे घेण्याचा विचार करा, असे निर्देश आले. भाड्याचा भार राज्यांनी वाटून घ्यायचा होता. मालकाचे नाव या हिशेबात कुठेच नव्हते.

मालक कोर्टात नव्हताच असे मात्र समजू नये. तो होता, पण याचिकाकर्ता म्हणून. केंद्रीय गृह मंत्रालयाने 29 मार्च 2020 रोजी टाळेबंदीच्या काळातली मजुरी कपात न करता द्या, असा आदेश काढला होता, आणि त्याविरुद्ध उद्योगांनी धाव घेतली. मराठवाड्यातला हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) खंडपीठासमोर आला. जालना जिल्हा त्याच खंडपीठाच्या हद्दीत येतो. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी 30 एप्रिल रोजी, म्हणजे करमाडच्या आठ दिवस आधी, गृह मंत्रालयाच्या आदेशात हात घालायला नकार दिला आणि प्रवास व भोजन भत्ता वगळून पूर्ण मजुरी देण्याची अपेक्षा उद्योगांकडून केली. त्याचबरोबर, जिथे काम सुरू करता येते तिथे कामगार स्वतःहून गैरहजर राहिला तर मजुरी कापायची मुभाही दिली. आपल्या भागातला हा निर्णय मला त्या काळातल्या अनेक निर्णयांपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, कारण त्यात मालक आणि मजूर समोरासमोर होते आणि न्यायमूर्तींना दोघांचे म्हणणे तोलावे लागले. दिल्लीत हेच प्रकरण वेगळे वळले. 15 मे रोजी मजुरी न देणाऱ्या मालकांवर सक्तीची कारवाई नको असा हंगामी आदेश झाला, दोन दिवसांनी सरकारने मजुरीचा मूळ आदेशच मागे घेतला, आणि 12 जूनला भूषण, कौल, शाह यांच्याच पीठाने मालक-कामगारांनी आपसांत तडजोड करावी असे सांगून वैधतेचा प्रश्न पुढे ढकलला. मजुरांना गाडीत बसवण्याचा 9 जूनचा आदेश देणारे हेच तीन न्यायमूर्ती. दोन फायलींच्या मध्ये तीन दिवसांचे अंतर होते, पण एका फायलीतला भुकेला प्रवासी आणि दुसऱ्या फायलीतला मजुरीचा धनको ही एकच व्यक्ती आहे, हे कोणत्याच आदेशात लिहिलेले नाही. आणि एप्रिलची मजुरी हातात असती तर त्या वीस जणांतल्या किती जणांनी पायी निघायचे ठरवले असते?

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि त्यात तथ्य आहे. कोर्ट सरकार नाही. साथीच्या दिवसांत कोणालाच काही कळत नव्हते, न्यायमूर्तींनी बसच्या वेळापत्रकात लक्ष घातले असते तर उद्या त्यांच्याकडे लसीच्या किमतीही आल्या असत्या (त्या पुढे आल्याही). 28 मेच्या सुनावणीत सॉलिसिटर जनरलांनी काही उच्च न्यायालये समांतर सरकार चालवत असल्याची तक्रार केलीच होती. पण हा आक्षेप ज्याला लागू पडतो तो भाग वेगळा. गाड्या किती सोडायच्या हे धोरण आहे, ते सरकारने ठरवावे. ठेकेदाराने परतीचे भाडे दिले की नाही, पासबुक होते की नाही, नोंदणी होती की नाही, हे धोरण नाही. ते 1979 पासून लिहिलेले कायदेशीर देणे आहे, आणि ते वसूल करून देण्यासाठी कोर्टाला सरकारच्या जागी बसावे लागत नाही. न्यायालयाने जिथे संकोच करायला हवा तिथे तो केला असे मान्य केले तरी, जिथे संकोचाचे कारणच नव्हते तिथे कोणी त्याला पोहोचवलेही नाही, आणि ते स्वतःही पोहोचले नाही.

पुढे ते पोहोचले, असे कोणी म्हणेल. 29 जून 2021 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना 1979 च्या कायद्याखाली सर्व आस्थापनांची नोंदणी करा, सर्व ठेकेदारांना परवाने द्या आणि मजुरांचा तपशील देण्याचे त्यांचे कर्तव्य पूर्ण करून घ्या, असे स्पष्ट बजावले होते. याच निकालात ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना आणि असंघटित कामगारांचे राष्ट्रीय पोर्टल यांसाठी 31 जुलै 2021 ही मुदत दिली होती. त्यानंतर प्रकरण कुठे गेले ते पाहण्यासारखे आहे. ई-श्रम पोर्टल सुरू झाले. एप्रिल 2023 मध्ये पोर्टलवर नोंदलेल्या 28 कोटी 60 लाख लोकांपैकी सुमारे 8 कोटींकडे रेशनकार्ड नसल्याचे समोर आले आणि त्यांना कार्ड द्या असा आदेश झाला. त्यानंतर तारखांवर तारखा पडल्या त्या मुख्यतः या रेशनकार्डांवर. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यांना शेवटची संधी देण्यात आली, आणि डिसेंबर 2024 मध्ये दुसऱ्या पीठाने फुकट धान्य किती दिवस देणार, रोजगार का निर्माण करत नाही, असे विचारले. रेशनकार्डाचे महत्त्व मी कमी लेखत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत खोली करून राहणाऱ्या कुटुंबाला महिन्याचे धान्य इथेच मिळणे ही मोठी गोष्ट आहे. पण मालकाच्या नोंदणीचे वाक्य आणि सरकारच्या धान्याचे वाक्य एकाच निकालात होते. एकाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे झाला, दुसरे कागदावर राहिले. धान्याच्या वाक्याला उत्तर द्यायला सरकारी वकील हजर होता. नोंदणीच्या वाक्याला ज्याने उत्तर द्यायला हवे तो पक्षकारच नव्हता.

2020 मध्येच, औरंगाबाद खंडपीठात, परक्या माणसांच्या बाजूने लागलेला एक निकाल या संदर्भात आठवण्यासारखा आहे. तबलिगी जमातीच्या कार्यक्रमाला आलेल्या 29 परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे दाखल झाले होते. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, जिबूती, बेनिन, इंडोनेशिया अशा देशांतले हे लोक. 21 ऑगस्ट 2020 रोजी न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे आणि एम. जी. सेवलीकर यांच्या पीठाने ते गुन्हे रद्द केले. साथ आली की सरकार बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी लोकांना तसे निवडले गेले असण्याची शक्यता दिसते, असे नलावडे यांनी लिहिले. सेवलीकर निर्णयाशी सहमत झाले, काही निरीक्षणांशी नाही, आणि तसे त्यांनी नोंदवले. राज्यघटनेचे कलम 21 ‘कोणत्याही व्यक्तीला’ संरक्षण देते, नागरिकालाच नाही, हे तत्त्व आपल्याकडे जुने आहे. 1996 मध्ये अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले होते. 2021 मध्ये जम्मूतल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात मात्र त्याच न्यायालयाने कलम 14 आणि 21 सर्वांचे असले तरी देशात राहण्याचा हक्क नागरिकांचाच, म्हणून कायदेशीर प्रक्रियेने हद्दपार करायला हरकत नाही, असे म्हटले.

आता तुलना करा. नगरच्या परदेशी पाहुण्यांना भारतात राहण्याचा हक्क नव्हता, तरी त्यांना पाच महिन्यांच्या आत निकाल मिळाला. उमरियाच्या मजुराला कलम 19 ने भारतात कुठेही जायचा, राहायचा, धंदा करायचा पूर्ण हक्क होता, तरी त्याच्या मृत्यूवर त्याच्या नावाचा निकाल नाही. ही तुलना अन्यायाची आहे, फौजदारी गुन्हा रद्द करणे सोपे आणि भरपाई मागणे अवघड, हे कोणीही वकील सांगेल. मान्य. पण अवघड का, ते पाहिले पाहिजे. परदेशी माणसाच्या हातात पासपोर्ट होता, व्हिसा होता, पोलिसांनी दिलेला गुन्हा क्रमांक होता. त्याच्याविरुद्ध राज्य उभे होते, म्हणून प्रतिवादी ठरलेला होता. मजुराकडे आधारकार्ड असते, पण तो इथे कोणासाठी काम करतो हे सांगणारा कागद नसतो. तो कागद द्यायची जबाबदारी ज्याची होती त्याने तो दिला नाही, आणि कागद नाही म्हणून त्याच्यावर दावाही नाही. कायदा मोडणाऱ्यालाच मोडण्याचा फायदा मिळावा, असा हा हिशेब आहे.

हे असेच चालायचे असे नव्हते. 1982 च्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या याचिकेत न्यायमूर्ती पी. एन. भगवती आणि बहारुल इस्लाम यांनी किमान वेतनापेक्षा कमी मजुरी म्हणजे वेठबिगार, आणि वेठबिगारीविरुद्धचा कलम 23 चा हक्क खासगी माणसाविरुद्धही लागू आहे, असे ठरवले. काम ठेकेदाराकडे दिले म्हणून सरकारी यंत्रणेला हात झटकता येणार नाहीत, हेही त्याच निकालात आहे. पुढच्याच वर्षी जम्मू-काश्मीरमधल्या सलाल जलविद्युत प्रकल्पाच्या मजुरांच्या प्रकरणात 1979 चा कायदाच न्यायालयासमोर होता. त्याच काळात मुंबईत पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला चालला. 13 जुलै 1981 रोजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी पदपथांवर राहणाऱ्यांना उठवून आपापल्या गावी पाठवा, असा आदेश जाहीर केला होता, त्यातून तो उभा राहिला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या 1985 च्या निकालात एका याचिकाकर्त्याची हकीकत आहे: संगमनेरचा चर्मकाम करणारा माणूस, दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा, गावातले घर पडल्यावर 1969 मध्ये मुंबईला आला, साडेतीनशे रुपये महिन्यावर बदली कामगार झाला आणि तीनशे रुपये गुंडाला देऊन तुळशीवाडीच्या पदपथावर जागा मिळवली. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे तत्त्व या निकालाने दिले. गुंडाचा दर निकालात आहे, मजुरीचा दर आहे. ज्याच्याकडे तो बदलीवर होता तो तिथेही पक्षकार नाही. पदपथाचा वाद महापालिकेशी होता हे उघड आहे. तरी महिना साडेतीनशेवर माणूस ठेवणाऱ्याला त्या माणसाने कुठे झोपावे याचे उत्तर देणे का लागत नाही, हा प्रश्न आपल्या न्यायशास्त्राने तेव्हापासून बाजूलाच ठेवला आहे.

उद्योजकांचा आक्षेप याच्या नेमका उलटा असतो. मालकाला प्रत्येक परराज्यातल्या माणसासाठी भाडे, भत्ता, पासबुक, नोंदणी करायला लावले तर तो नोंदणीच टाळेल, किंवा स्पर्धेत मागे पडेल. वीजदराने आधीच घायकुतीला आलेल्या जालन्याच्या भट्ट्यांवर हा भार कशाला? शिवाय बाहेरच्यांसाठी इतके, मग स्थानिकांचे काय? यातला पहिला भाग खर्चाचा आहे, आणि तो खर्च खोटा नाही. पण तो नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. करमाडला तो कोणी भरला ते आपण पाहिले. राज्यांनी दिलेल्या पाच-पाच लाखांतला पैसा करदात्याचा होता. दुसऱ्या भागाला कोर्टांनी उत्तर दिले आहे. खासगी नोकऱ्यांत 75 टक्के स्थानिकांचा हरियाणाचा कायदा पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2023 मध्ये रद्द केला. आणि जालन्याने तरी स्थानिकांचा मुद्दा जपून मांडावा. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा भागातून दर हंगामात टोळ्या ऊसतोडीला निघतात, पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकातही. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, आणि ती फिटेपर्यंत पाचटाच्या खोपीत मुक्काम. कोल्हापूरला गेलेल्यांना आंतरराज्य कायदा लागूच नव्हता. बेळगाव-बागलकोटला गेलेल्यांना तो लागू व्हायला हवा होता, पण कारखाना म्हणतो तोडणी कामगार आमचे नाहीत, मुकादमाचे आहेत. उचल घेऊन टोळी आली नाही की फसवणुकीचा गुन्हा मात्र नोंदवला जातो. इथेही देणेदार मालक फिर्यादी होतो. शेजारच्या राज्यात जालन्याचा माणूस परप्रांतीय असतो, ही गोष्ट जालन्यातल्या परप्रांतीयाबद्दल बोलताना विसरली जाते.

कागदाचा प्रश्न अलीकडे आणखी तीव्र झाला आहे. जून 2025 मध्ये मुंबईजवळच्या मीरा रोडवर काम करणाऱ्या पश्चिम बंगालच्या मजुराला बांगलादेशी ठरवून सीमेपलीकडे ढकलले गेले आणि पश्चिम बंगाल सरकारने पाठपुरावा केल्यावर परत आणावे लागले. दिल्लीतून असेच पाठवलेल्या बीरभूमच्या कुटुंबांच्या प्रकरणात कलकत्ता उच्च न्यायालयाने 26 सप्टेंबर 2025 रोजी हद्दपारी रद्द केली. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर आधार, पॅन, मतदार ओळखपत्र असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे सांगितले. 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या इमिग्रेशन कायद्यातही आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार त्या माणसावरच आहे. बांगला बोलणाऱ्या गवंड्याला हा भार पेलायचा तर कोणता कागद दाखवायचा? 1979 च्या कायद्यानुसार पासबुकात मजुराचे छायाचित्र आणि कामाचे ठिकाण असायला हवे होते, आणि मजुराची एक नोंद मूळ राज्याच्या कार्यालयात असायला हवी होती; तो नागरिकत्वाचा पुरावा ठरला नसता हे खरे. पण तपास कुठून सुरू करायचा हे त्यावरून पोलिसाला कळले असते. घुसखोर शोधायला निघालेल्यांनी मालकांकडे या नोंदी मागितल्याचे मात्र फारसे ऐकू येत नाही, आणि याचे मला आश्चर्य वाटत नाही.

मालकाचे नाव कागदावर असले की काय होते, हे अमेरिकेत दिसते. सप्टेंबर 2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी नव्या एच-1बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आणि पुण्या-नाशिकच्या कित्येक घरांत त्या रात्री झोप लागली नाही. त्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत यूएस चेंबर ऑफ कॉमर्स ही मालकांचीच संघटना होती. मालक परोपकारी झाला म्हणून ती गेली नाही. एच-1बीचा अर्जच मालकाच्या नावाने असतो, शुल्क मालकाला बसते, म्हणून परक्या कामगाराचा हक्क आणि मालकाचा स्वार्थ एकाच याचिकेत आले. खटला जिंकला-हरला हा पुढचा भाग. पण मालकाला प्रश्नात गुंतवणारा कागद असला की त्याला कोणत्या तरी बाजूने उभे राहावेच लागते.

भारतात नेमका हा कागद बदलला आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि 1979 चा कायदा व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन होऊन रद्द झाला. काही बाबतीत संहिता पुढे गेली आहे. ठेकेदाराशिवाय स्वतःहून आलेला मजूरही आता व्याख्येत येतो, मजुरी महिना अठरा हजारांपर्यंत असेल तर. जालन्यासाठी ही मोठी गोष्ट आहे. त्या वीस जणांसारख्यांना कोणी आणले हा वाद आता पहिल्याच पायरीवर दावा बुडवणार नाही. पण पाचाची मर्यादा दहावर गेली, विस्थापन भत्ता गेला, आणि येण्या-जाण्याच्या भाड्याच्या जागी वर्षातून एकदा द्यायची ठोक रक्कम आली. जुना कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली आधीच उभी राहिलेली देणी मात्र आपोआप पुसली जात नाहीत. 29 जून 2021 चा नोंदणीचा आदेश आणि नोव्हेंबर 2025 यांच्या मध्ये चार वर्षांहून अधिक काळ आहे. त्या काळात जालना औद्योगिक वसाहतीतल्या किती आस्थापनांनी परराज्यातल्या मजुरांसाठी नोंदणी केली, किती ठेकेदारांना परवाने मिळाले, किती पासबुके निघाली, याची नोंद कामगार आयुक्तालयाच्या कार्यालयात असायला हवी. ती सादर करा, आणि नोंदणी न करणाऱ्या मालकांना नावानिशी पक्षकार करा, एवढी मागणी करणारी याचिका छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात दाखल करायला नव्या कायद्याची गरज नाही. जुन्याच कायद्याच्या कलम 18 वर ती उभी राहू शकते.